लाभांशामागचा ताळेबंद वाचणारे बेंजामिन ग्रॅहम

नियमित लाभांश देणाऱ्या दोन सारख्याच कंपन्या समोर असताना दीर्घकाळासाठी कोणती निवडावी, या प्रश्नाला पद्धतशीर अभ्यासाची बैठक देणारे बेंजामिन ग्रॅहम यांचा जन्म १८९४ मध्ये लंडन येथे झाला. ते वर्षभराचे असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आले. चिनी मातीच्या भांड्यांचा घरचा व्यापार १९०३ मध्ये वडिलांच्या निधनानंतर बसला. आईने उसन्या पैशावर समभाग घेतले होते. १९०७ च्या मंदीत तेही बुडाले. पैशाची चणचण काय असते, हे बेंजामिन यांना शाळकरी वयातच कळले.

कोलंबिया विद्यापीठातून १९१४ मध्ये पदवी मिळताच तेथील तीन विभागांनी त्यांना अध्यापनासाठी बोलावले. परंतु घरची जबाबदारी ओळखून त्यांनी वॉल स्ट्रीटवरील एका दलाली पेढीत आठवड्याला १२ डॉलरची नोकरी धरली.

त्यांच्या पद्धतीची खरी कसोटी १९२६ मध्ये लागली. स्टँडर्ड ऑइलचे १९११ मध्ये न्यायालयीन आदेशाने विभाजन झाले, तेव्हा तेलवाहिन्यांच्या आठ लहान कंपन्या वेगळ्या झाल्या होत्या. धंदा एकच आणि लाभांशही नियमित, त्यामुळे बाजाराला त्या सारख्याच वाटत. ग्रॅहम वॉशिंग्टनला गेले आणि या कंपन्यांनी सरकारी आयोगाकडे दिलेली विवरणपत्रे त्यांनी एकेक करून वाचली. नॉर्दर्न पाइपलाइनचा समभाग ६५ डॉलरला मिळत होता आणि त्यावर ६ डॉलर लाभांश होता; मात्र कंपनीकडील रोख्यांचे मूल्यच दर समभागामागे सुमारे ९५ डॉलर भरत होते. दिसणारा लाभांश इतरांसारखाच, पण त्यामागची शिल्लक निराळी होती.

ही अतिरिक्त रक्कम भागधारकांना वाटावी, ही त्यांची मागणी संचालकांनी नाकारली. १९२७ च्या जानेवारीत ऑइल सिटी येथील वार्षिक सभेला बाहेरून आलेले ते एकटेच होते. त्यांच्या प्रस्तावाला अनुमोदक मिळाला नाही आणि सभा काही मिनिटांत आटोपली. वर्षभर भागधारकांची संमतीपत्रे गोळा करून ते १९२८ मध्ये परतले आणि पाचपैकी दोन संचालकपदे त्यांच्या बाजूला आली. अखेर कंपनीने दर समभागामागे ७० डॉलर वाटले.

तरीही पुढील परीक्षा कठोर होती. १९२९ च्या कोसळणीनंतर १९३२ पर्यंत त्यांनी सांभाळलेल्या निधीचे सुमारे ७० टक्के मूल्य नष्ट झाले. आईला ज्या उसन्या पैशाने बुडवले, त्यानेच त्यांनाही तडाखा दिला. तो तोटा भरून निघेपर्यंत त्यांनी मोबदला घेतला नाही. या अनुभवातून सुरक्षिततेच्या अंतराचा विचार पक्का झाला. १९३४ मध्ये डेव्हिड डॉड यांच्यासह ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ आणि १९४९ मध्ये सामान्य वाचकांसाठी ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ हे ग्रंथ प्रसिद्ध झाले.

या दुसऱ्या ग्रंथाच्या अखेरच्या आवृत्तीत त्यांनी सावध गुंतवणूकदारासाठी निकष घालून दिले. लाभांश किमान २० वर्षे अखंड दिलेला असावा. मागील १० वर्षांत एकदाही तोटा नसावा. उद्योगातील कंपनीची चालू मालमत्ता चालू देण्यांच्या दुप्पट असावी. भाव तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या १५ पटींपेक्षा अधिक नसावा. पैसा १० ते ३० कंपन्यांत विभागावा, असेही त्यांनी सुचवले. त्याच ग्रंथात कंपन्यांच्या आठ जोड्या शेजारी शेजारी मांडून त्यांनी तुलना केली. त्यांतील स्थावर मालमत्तेच्या दोन कंपन्यांपैकी एक एकोणिसाव्या शतकापासून लाभांश देत आली होती. दुसरी कर्जावर झपाट्याने वाढून तितक्याच झपाट्याने कोसळली.

कोलंबियात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. वॉरन बफे हे त्यांचेच विद्यार्थी. ग्रॅहम यांचे १९७६ मध्ये फ्रान्समध्ये निधन झाले. लाभांशाचा दर पाहून समभाग घेणे सोपे असते. तो लाभांश कोठून येतो आणि किती काळ येत राहील, हे ताळेबंदात शोधण्याची सवय त्यांनी गुंतवणूकदारांना लावली.