गिर्यारोहक धन्वंतरी डॉ. हॉवर्ड सॉमरव्हेल

आम्ही हिमायतनगर भागातील मुले बर्फ पाहतो ते गारांच्या रूपाने. डोंगरावरचे हिम निसटून माणसे गाडली जातात, हे आम्हांस पुराणातील कथेसारखे वाटते. परंतु पैनगंगेचा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांस निसर्गाच्या बळापुढे माणसाचे किती चालते हे सांगावयास नको. अशा बळाशी गाठ पडूनही ज्यांनी आपली माणुसकी ढळू दिली नाही, त्या एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

थिओडोर हॉवर्ड सॉमरव्हेल यांचा जन्म इंग्लंडातील केंडल गावी १६ एप्रिल १८९० रोजी झाला. घराण्याचा जोड्यांचा कारखाना होता. परंतु त्यांनी केंब्रिज येथे विद्याभ्यास करून शस्त्रवैद्याचा मार्ग धरला. १९१६ साली फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर जखमी शिपायांच्या रांगाच रांगा त्यांजपुढे आल्या, आणि युद्धाविषयी त्यांच्या मनात कायमचा तिटकारा उत्पन्न झाला.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांची निवड झाली. मे महिन्यात मॅलरी व नॉर्टन यांजसह, प्राणवायूची नळकांडी न घेता, ते सुमारे २७,००० फुटांपर्यंत चढले. तोपर्यंत इतक्या उंचीवर कोणीही पोहोचले नव्हते. जून उजाडला, पावसाळा जवळ आला आणि पर्वतावर नवे हिम पडले. तरीही आणखी एक प्रयत्न करावा असे ठरले.

नव्याने पडलेले हिम खालच्या जुन्या थरास लगेच घट्ट धरून बसत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा धोका सर्वांत अधिक. कारण त्याहून सपाट जागी हिम सहसा घसरत नाही, आणि फार उभ्या कड्यावर ते साचतच नाही. अशा वेळी माणसांच्या पावलांचा भारही वरचा थर सुटण्यास पुरतो. म्हणून जाणते लोक मोठ्या हिमवर्षावानंतर थांबतात, संशयाचा उतार टाळतात, आणि तो ओलांडणे भागच पडले तर अंतर ठेवून एकेकाने ओलांडतात.

७ जून १९२२ रोजी मॅलरी, सॉमरव्हेल, क्रॉफर्ड व चौदा भारवाहक दोरांनी बांधून घेऊन उत्तर खिंडीचा उतार चढत होते. हिमाची परीक्षा त्यांनी केली होती, व ते टिकेल असे त्यांस वाटले होते. दुपारी अकस्मात आवाज झाला आणि सारा उतार सरकला. पुढील दोन दोरांवरील मंडळी वाचली. मागील दोन दोरांवरील नऊ भारवाहक बर्फाच्या कड्यावरून खाली फेकले गेले. त्यांपैकी दोघे जिवंत निघाले, सात जण प्राणास मुकले. बेत साहेबांचा आणि मरण मात्र ओझे वाहणाऱ्यांचे, हे शल्य सॉमरव्हेल यांच्या अंतःकरणात खोल रुतले. आपणांपैकीही कोणी त्यांच्यासमवेत मेला असता तर बरे झाले असते, असे त्यांस वाटले.

त्याच वर्षी दक्षिणेत फिरत असता त्रावणकोरातील नेय्यूर येथील लंडन मिशनचे रुग्णालय त्यांनी पाहिले. रुग्णांची ही गर्दी, आणि हात मात्र एकाच शस्त्रवैद्याचे! लंडनमधील मानाचा मार्ग सोडून सॉमरव्हेल तेथेच सेवेस आले.

१९२४ साली ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले. चार भारवाहक उत्तर खिंडीत अडकून पडले होते. मॅलरी, नॉर्टन व सॉमरव्हेल तिघेही आजारी असताना त्यांस आणावयास निघाले. दोर बांधून सॉमरव्हेल एकटेच धोक्याच्या उतारावर पुढे झाले. पण दोर थोडक्यात अपुरा पडला. पहिले दोघे सुखरूप आले, पण मागचे दोघे धीर न धरता एकदम निघाले आणि घसरले. सुदैवाने ते काही अंतरावर थांबले. तेव्हा सॉमरव्हेल यांनी स्वतःच्या अंगाचा दोर सोडला, कुऱ्हाड हिमात रोवून तो तिला अडकविला, आणि त्याचे टोक एका हाती धरून दुसऱ्या हाताने एकेकास ओढून घेतले. चौघेही वाचले. त्यानंतर काही दिवसांनी, ४ जून रोजी, ते सुमारे २८,००० फुटांवर पोहोचले. परंतु शिखर हाती आले नाही.

पुढे वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी नेय्यूर येथे शस्त्रक्रिया केल्या. तंबाखू व विडा चघळण्याने होणाऱ्या मुखाच्या कर्करोगावर रेडियमचे उपचार केले. नंतर वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयात शिकविले. २३ जानेवारी १९७५ रोजी इंग्लंडात त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, आमच्या गावाच्या नावातील हिमायत ह्या शब्दाचा अर्थ कैवार, पाठराखण असा आहे. पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या ओल्या खडकांवर धाकट्या भावंडांस घेऊन जाणारा थोरला मुलगाही त्या वेळेपुरता पुढारीच असतो. पुढे पाऊल टाकण्यापूर्वी मागून येणाऱ्यांचा विचार करणे हे त्याचे पहिले कर्तव्य. शिखर न गाठताही सॉमरव्हेल आम्हांस वंदनीय वाटतात, ते याचमुळे.