विश्लेषण : साडेबारा टक्क्यांचा लढा दि. बा. पाटील यांनी कसा उभारला?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी १० जून २०२१ रोजी प्रकल्पग्रस्तांनी मानवी साखळी केली. त्यानंतर २४ जूनला, म्हणजे दिबांच्या स्मृतिदिनी, हजारो भूमिपुत्रांनी बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव घातला. खारघर, कामोठे, उलवे या नव्या वसाहतींत राहायला आलेल्या अनेकांना हे नाव त्या दिवसांत पहिल्यांदाच कळले. त्यांच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, तिच्या मूळ मालकांना शहरात वाटा मिळाला तो याच नेत्याच्या लढ्यातून. तो वाटा किती होता आणि त्यासाठी काय मोजावे लागले, याचा हा आढावा.

दिबा कोण होते?

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई येथे आगरी शेतकरी कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकील झाले आणि पनवेल ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा शेतकरी लढ्यांचा. खोतांविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला चरीचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला होता. त्याच वातावरणात शेतकरी कामगार पक्ष या भागात रुजला आणि दिबा त्या पक्षाचे नेते झाले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये ते पनवेलमधून विधानसभेवर गेले. या मतदारसंघाने त्यांना पाच वेळा आमदार केले. १९७२ ते १९७७ आणि पुन्हा १९८२-८३ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७७ आणि १९८४ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले. मंत्रिपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे जवळपास सारे संसदीय आयुष्य विरोधी बाकांवर गेले.

जमिनीचा प्रश्न कसा निर्माण झाला?

कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. पनवेल-उरण पट्ट्यातील अनेक कुटुंबांच्या नावावर पिढ्यानपिढ्या कसलेली भातशेती पहिल्यांदाच आली. ती मालकी पुरती अंगवळणी पडण्याआधीच मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याचा निर्णय झाला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेतीबरोबर मिठागरे आणि खाजण जमिनीही त्यात गेल्या. कोळ्यांची मासेमारीही भरावाखाली आली.

संपादन १८९४ च्या ब्रिटिशकालीन कायद्याने होत होते. त्यात पहिली अधिसूचना निघाली त्या दिवशीचा बाजारभाव धरला जाई. निवाडा कितीही वर्षांनी झाला तरी भाव मात्र १९७० चाच. शेतकऱ्याला भातशेतीच्या दराने पैसे मिळत होते आणि त्याच जमिनीचे भूखंड शहराच्या दराने विकले जाणार होते. दिबांनी नेमक्या या फरकावर बोट ठेवले. त्यांचा विरोध शहराला नव्हता. शहराच्या वाढत्या किमतीत मूळ मालकाचा हिस्सा काय, हा त्यांचा प्रश्न होता.

जानेवारी १९८४ मध्ये काय घडले?

न्हावा-शेवा बंदराच्या कामामुळे उरण तालुक्यातील संपादनाला वेग आला. एकरी ४० हजार रुपये भाव आणि विकसित जमिनीत वाटा, या मागण्यांवर शेतकरी एकत्र आले. मोजणीला आणि ताब्याला विरोध सुरू झाला. तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते.

१६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात चिर्ले गावचे नामदेव घरत आणि धुतूमचे रघुनाथ ठाकूर यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी नवघर-पागोटे परिसरात पुन्हा गोळीबार झाला. त्यात कमळाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील यांनी प्राण गमावले. आंदोलनात स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला या पाच हुतात्म्यांना उरणमध्ये अभिवादन केले जाते.

त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभा निवडणूक झाली. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने राज्यातील ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. उरलेल्या पाचांपैकी एक कुलाब्याची होती आणि ती दिबांनी जिंकली.

साडेबारा टक्के म्हणजे नेमके किती?

आंदोलनानंतर विकसित जमिनीत वाटा देण्याचे तत्त्व सरकारला टाळता आले नाही. साडेबारा टक्के योजनेचा शासन निर्णय १९९० मध्ये निघाला आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. रोख मोबदल्याशिवाय संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राचा विकसित भूखंड मूळ मालकाला द्यायचा, असे तिचे स्वरूप होते.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. सार्वजनिक सुविधांसाठी त्यातून ३० टक्के कपात होते. हातात पडतात साडेतीन गुंठे, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर. प्रत्यक्ष वाटा पावणेनऊ टक्के. मात्र या भूखंडावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक आणि १५ टक्के व्यापारी वापर मिळाला. त्यामुळे हा छोटा तुकडा मूळ एकराच्या मोबदल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोलाचा ठरला. कागदावर सवलत वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात भागीदारी होती. पुढे राज्यात आणि राज्याबाहेर पुनर्वसनाच्या चर्चेत या योजनेचा दाखला दिला जाऊ लागला.

लढ्याच्या मर्यादा कोणत्या?

योजनेचा आधार सातबारा होता. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती ते मिठागर कामगार, शेतमजूर आणि खाडीवर जगणारे मच्छीमार बहुतांशी बाहेर राहिले. वाटपाला इतका उशीर झाला की अनेकांनी भूखंड मिळण्याआधीच आपला हक्क दलालांना आणि विकासकांना विकून टाकला. तेव्हा चांगली वाटलेली रक्कम काही वर्षांतच तुटपुंजी ठरली. गावठाणांची वेळेवर हद्दवाढ न झाल्याने वाढत्या कुटुंबांनी बांधलेल्या घरांवर अनधिकृतचा शिक्का बसला. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना तर साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे मिळायला ऑगस्ट २०१४ उजाडले. गोळीबाराला तेव्हा ३० वर्षे झाली होती.

दिबांची राजकीय वाटचालही अखेरीस सरळ राहिली नाही. ज्या पक्षात हयात घालवली तो सोडून नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते शिवसेनेत गेले. त्यांच्या जुन्या कार्यकर्त्यांना हे पचवणे जड गेले आणि निवडणुकीच्या राजकारणात त्यांना पूर्वीचे यश पुन्हा मिळाले नाही. तरीही जमिनीचा प्रश्न आला की सर्व पक्षांचे स्थानिक पुढारी पनवेलमधील त्यांच्या ‘संग्राम’ या निवासस्थानी येत. प्रकल्पग्रस्तांच्या बैठकांत त्यांचा शब्द शेवटपर्यंत चालला.

विमानतळाशी त्यांचा संबंध काय?

विमानतळासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावे हलवावी लागणार होती. त्या वाटाघाटींची सुरुवात साडेबारा टक्क्यांपासून झाली आणि ती साडेबावीस टक्क्यांवर थांबली. कपातीनंतर तो वाटा १५.७५ टक्के होतो. जुन्या योजनेत एकरामागे साडेतीन गुंठे मिळत होते, इथे सहा गुंठ्यांहून थोडे अधिक. १९८४ चा पाया नसता तर हा आकडा चर्चेतही आला नसता.

२४ जून २०१३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी दिबांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी १८९४ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या भूसंपादन कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणि विधिमंडळाने विमानतळाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. धावपट्टीखालच्या जमिनीच्या मूळ मालकांना मिळालेल्या भूखंडांचा हिशेब मात्र आजही जासई आणि दास्तान फाट्यापासूनच सुरू करावा लागतो.