हजारो वर्षांची परंपरा की १९५८ चा निर्णय? विक्कांचे आठ सण आणि जेराल्ड गार्डनर यांची गोष्ट

दरवर्षी २१ जूनच्या आसपास इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे फोटो आणि रील्स सगळीकडे फिरतात. पहाटेचा गारठा, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घातलेली माणसे, ढोल, आणि प्रचंड दगडांमधून वर येणारा सूर्य. सोबतच्या कॅप्शनमध्ये बहुतेक वेळा लिहिलेले असते की ही हजारो वर्षांची अखंड परंपरा आहे. दगड खरोखरच हजारो वर्षांचे आहेत. पण आज जगभरचे विक्का आणि पेगन लोक जे आठ ऋतुसण पाळतात, त्यांचे वेळापत्रक आपल्या आजी-आजोबांपेक्षाही तरुण आहे. ते तयार झाले १९५० च्या दशकात, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा होता दम्याने त्रस्त असलेल्या एका निवृत्त कस्टम्स अधिकाऱ्याचा. त्यांचे नाव जेराल्ड गार्डनर.

हे आठ सण कोणते?

या कॅलेंडरला ‘व्हील ऑफ द इयर’ म्हणजे वर्षचक्र म्हणतात. त्यातले चार सण सूर्याचे आहेत. डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस म्हणजे यूल, जूनमधला सर्वांत मोठा दिवस म्हणजे लिथा, आणि दिवस-रात्र समान असतात ते दोन दिवस म्हणजे मार्चमधला ऑस्टारा आणि सप्टेंबरमधला मेबन. उरलेले चार यांच्या अधेमधे येतात. ३१ ऑक्टोबरला साविन (इंग्रजी स्पेलिंग पाहून अनेकजण ‘सॅमहेन’ वाचतात, पण उच्चार साविनच्या जवळचा आहे), १ फेब्रुवारीच्या सुमारास इम्बोल्क, १ मेला बेल्टेन आणि १ ऑगस्टला लूनासा किंवा लॅमस.

साविनला मृतांची आठवण काढतात, काही घरांत जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासाठी एक ताटही मांडतात. यूलला ओंडका पेटवतात, इम्बोल्कला मेणबत्त्या लावतात, बेल्टेनला शेकोटी असते आणि लॅमसला नव्या गव्हाचा पाव. विधी साधारण सारखाच असतो. जमिनीवर वर्तुळ आखायचे, चार दिशांना आवाहन करायचे, देवी आणि शिंगे असलेला देव यांना बोलवायचे आणि शेवटी केक व वाइन वाटून घ्यायची.

आता थोडे गणित. वर्षाचे आठ समान भाग केले तर दोन सणांत साधारण ४५ दिवसांचे अंतर यायला हवे. प्रत्यक्षात मेबन ते साविन ३९ दिवस आहेत आणि साविन ते यूल ५१. खगोलशास्त्रानुसार साविनची जागा ७ नोव्हेंबरच्या सुमाराला पडते. चाकाचे आरे असे तिरके का? कारण हे मुळात एक चाक नव्हतेच. आयर्लंडच्या मध्ययुगीन साहित्यात चार सण सापडतात, ते गुरे चरायला नेणे, परत आणणे आणि पिके काढणे यांच्याशी जोडलेले आहेत. सूर्याचे सण उत्तर युरोपातल्या वेगळ्या लोकांचे आणि वेगळ्या काळातले. प्राचीन काळी एकाच समाजाने हे आठही सण एकत्र पाळल्याचा पुरावा नाही. दोन कॅलेंडरे कुणीतरी नंतर जोडली.

दम्यामुळे शाळा सुटली, जग पाहिले

गार्डनर यांचा जन्म १३ जून १८८४ चा, लिव्हरपूलजवळचा. घरचा इमारती लाकूड आयात करण्याचा मोठा व्यवसाय होता, पैशांची ददात नव्हती. पण मुलाला दमा. इंग्लंडची थंडी सोसेना म्हणून एका आयाबरोबर त्यांना उबदार देशांत पाठवले जाऊ लागले. शाळा अशी झालीच नाही, मासिके चाळत चाळत ते स्वतःच वाचायला शिकले. पुढे त्या आयाने सिलोनमधल्या (आताची श्रीलंका) एका चहा मळेवाल्याशी लग्न केले आणि १९०० मध्ये सोळा वर्षांचे गार्डनर तिच्याबरोबर तिकडे गेले. युरोपात परतून स्थायिक व्हायला त्यांना पुढची छत्तीस वर्षे लागली.

सिलोनमध्ये चहा, मग बोर्निओत आणि मलायात रबर. १९१० मध्ये कोलंबोत ते फ्रीमेसन झाले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण फ्रीमेसनांच्या तीन पायऱ्यांसारख्याच दीक्षेच्या तीन पायऱ्या पुढे विक्कात आल्या. १९२३ नंतर मलायात सरकारी नोकरी मिळाली. आधी रबर मळ्यांची तपासणी, नंतर अफूच्या दुकानांवर देखरेख. नोकरीमुळे फिरती भरपूर. या फिरतीत इतर इंग्रज साहेबांसारखे क्लबात बसून राहण्याऐवजी ते स्थानिक लोकांत मिसळले. बोर्निओतल्या दायाक लोकांचे विधी, मलायातले मांत्रिक, जादूची शक्ती असल्याचे मानले जाणारे नागमोडी पात्याचे क्रिस हे खंजीर, हे सगळे त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिले. क्रिसवरचे त्यांचे पुस्तक १९३६ मध्ये सिंगापूरहून आले आणि त्या विषयातले जाणकार ते आजही वापरतात. विक्काच्या विधींत काळ्या मुठीच्या सुरीला एवढे महत्त्व का, याचे एक उत्तर इथे असावे.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा माणूस नावामागे डॉक्टरेट लावत असे. सिंगापूरच्या ज्या पदवीचा ते दावा करत, त्या काळी तिथे तसे विद्यापीठच नव्हते. उत्तम निरीक्षक आणि बेधडक थापा मारणारा, असे दोघे एकाच अंगात होते. पुढची सगळी गोष्ट वाचताना हे विसरून चालत नाही.

जंगलातली ती रात्र

निवृत्तीनंतर १९३६ मध्ये ते लंडनला आले. तब्येतीसाठी डॉक्टरांनी सुचवल्यावरून ते नग्नतावादी क्लबात जाऊ लागले आणि ती सवय आयुष्यभर राहिली. युद्ध तोंडावर आले तसे पत्नी डोना यांच्यासह ते दक्षिण किनाऱ्यावरच्या हायक्लिफ गावात, न्यू फॉरेस्टच्या कडेला राहायला गेले. तिथे ते एका रोझिक्रुशियन मंडळात जाऊ लागले. मंडळाच्या सदस्यांत मेबल बेझंट-स्कॉट होत्या, म्हणजे होमरूल चळवळीच्या ॲनी बेझंट यांची मुलगी.

गार्डनर यांच्या सांगण्यानुसार याच मंडळातल्या काही लोकांनी सप्टेंबर १९३९ मध्ये त्यांना एका श्रीमंत बाईंच्या घरी नेले आणि चेटकिणींच्या जुन्या धर्माची दीक्षा दिली. हा धर्म ख्रिस्ती धर्माआधीपासून लपूनछपून जिवंत आहे, असे त्यांनी पुढे जगाला सांगितले. त्या बाईंना ते ओल्ड डोरोथी म्हणत. अनेक वर्षे लोकांना वाटायचे की अशी कुणी बाई नव्हतीच. १९८० मध्ये त्यांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी शोध सुरू केला आणि कागदपत्रे सापडली. डोरोथी क्लटरबक खऱ्या होत्या. जन्म १८८० चा, बंगालमधला, वडील ब्रिटिश भारतीय सैन्यात अधिकारी. मात्र ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी त्यांच्या डायऱ्या तपासल्या, तेव्हा त्यांत चेटूक कुठेच नव्हते, दिसली ती एक सश्रद्ध ख्रिस्ती बाई. तेव्हा बाई खरी, पण दीक्षेची गोष्ट अधांतरी.

जुन्या धर्माची कल्पना मात्र गार्डनर यांची नव्हती. १९२१ मध्ये मार्गारेट मरे या इजिप्तच्या अभ्यासिकेने (जन्म कलकत्त्याचा) असे मांडले होते की युरोपात चेटकीण म्हणून मारल्या गेलेल्या बायका खरे तर एका प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या. चार मोठ्या मेळाव्यांची यादीही त्यांच्या पुस्तकात होती. इतिहासकारांनी हा सिद्धांत पुढे पूर्णपणे नाकारला. गार्डनर यांनी तो जगायला घेतला.

कायदा हटला, पुस्तक आले

ब्रिटनमध्ये १७३५ चा चेटूकविरोधी कायदा तोवर लागू होता. त्यात शिक्षा होती ती जादू येते असे सोंग करण्याबद्दल. १९४४ मध्ये हेलन डंकन या माध्यमाचे काम करणाऱ्या बाईंना याच कायद्याखाली नऊ महिन्यांचा तुरुंगवास झाला होता. त्यामुळे गार्डनर यांनी १९४९ मध्ये आपले विधी कादंबरीच्या आडून आणि टोपणनावाने छापले. १९५१ मध्ये कायदा रद्द झाला. त्याच वर्षी आयल ऑफ मॅन बेटावर चेटूकविद्येचे एक संग्रहालय उघडले, ते गार्डनर यांनी नंतर विकत घेतले. १९५४ मध्ये ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक स्वतःच्या नावाने आले. प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची.

त्याआधी, १९५३ च्या उन्हाळ्यात, व्हॅलिएंटे यांची दीक्षा झाली होती. त्यांचे वाचन दांडगे होते. गुरूंनी जुनी म्हणून दाखवलेली विधींची वही पाहताच त्यांनी ओळखले की यातला बराच मजकूर अलीस्टर क्रॉली या बदनाम तांत्रिकाच्या पुस्तकांतला आहे. गार्डनर क्रॉलींना १९४७ मध्ये भेटले होतेच. त्यांनी फारसे आढेवेढे न घेता वही शिष्येच्या हाती दिली आणि जमत असेल तर सुधारून दाखव असे सुचवले. तिने ती बऱ्यापैकी नव्याने लिहिली.

त्याच डिसेंबरातली यूलची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. दुपारचे जेवण झाल्यावर गार्डनर यांनी व्हॅलिएंटे यांना पुस्तकांच्या ढिगाऱ्यासमोर बसवले आणि आज रात्रीच्या विधीसाठी काहीतरी लिही म्हणून सांगितले. त्यांनी स्कॉटलंडच्या लोकगीतांच्या एका संग्रहाचा आधार घेऊन सूर्याच्या पुनर्जन्माचे आवाहन रचले. रात्री ते म्हटले गेले. पुढच्या वर्षी ‘विचक्राफ्ट टुडे’मध्ये तो विधी छापून आला तो चेटकिणींची परंपरा म्हणून. दुपारी लिहिलेली रचना वर्षभरात प्राचीन झाली होती. आजही अनेक मंडळांत यूलला तीच म्हणतात.

आणि मग १९५८

पुस्तकानंतर गार्डनर मुलाखती देत सुटले. वृत्तपत्रांनी नग्न विधींच्या चटपटीत बातम्या केल्या, काही सदस्यांच्या नोकऱ्या आणि घरे यांवर बेतेल अशी भीती निर्माण झाली. १९५७ मध्ये व्हॅलिएंटे आणि इतरांनी प्रसिद्धीला आळा घालणारे नियम मांडले. गार्डनर यांनी उत्तरादाखल एक जुनी नियमावली काढली, जी त्याआधी कुणी पाहिली नव्हती. तिच्यात एक कलम असेही होते की मुख्य पुजारिणीने वय झाले की तरुण बाईसाठी जागा सोडावी. पस्तिशीच्या व्हॅलिएंटे यांना ते कुणासाठी आहे हे कळले. त्या बाहेर पडल्या.

मागे राहिले लंडनबाहेरच्या ब्रिकेट वुड इथले मंडळ. नग्नतावादी क्लबाच्या आवारातल्या एका जुन्या लाकडी झोपडीत ते जमत. त्यांच्याकडे मोठे सण चारच होते. सूर्याचे चार दिवस जवळच्या पौर्णिमेला साध्या पद्धतीने उरकले जात. १९५८ मध्ये सदस्यांनी ठरवले की हे चार दिवसही त्या त्या तारखेला आणि तितक्याच थाटात साजरे करायचे. गार्डनर तेव्हा आयल ऑफ मॅनवर होते. त्यांनी होकार कळवला. बस्स, एवढेच झाले. प्राचीन हस्तलिखित नाही, दृष्टान्त नाही. थोडे अधिक उत्सव हवे होते, आणि म्हाताऱ्याने हरकत घेतली नाही.

गार्डनर यांचे मित्र रॉस निकल्स ड्रुइड होते. १९६४ मध्ये त्यांनी स्वतःचा ड्रुइड पंथ काढला, तेव्हा हेच आठ सण तिथे घेतले. म्हणून आज विक्का आणि ड्रुइड, दोघांचे कॅलेंडर एकच दिसते. या जुळण्याकडे बोट दाखवून काहीजण त्याला प्राचीन समान मुळाचा पुरावा मानतात. समान मूळ आहे खरे, पण ते दोन मित्र आहेत.

यात गार्डनर यांना नुसते लबाड ठरवणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. धर्माला वय असल्याशिवाय मान मिळत नाही, हे त्यांनी पक्के ओळखले होते. चेटकीण हा शब्द शिवी असलेल्या देशात त्यांनी आपले नाव छापून ती ओळख घेतली, आणि त्याची किंमत त्यांच्यापेक्षा नोकरदार अनुयायांनी जास्त मोजली. खुद्द व्हॅलिएंटे यांनी पुढे त्यांच्या अनेक दाव्यांची चिरफाड केली, पण १९९९ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या विक्काच राहिल्या.

समुद्रावरचा शेवट

डोना १९६० मध्ये गेल्या. विधींत त्या कधी सामील झाल्या नव्हत्या. गार्डनर हिवाळा टाळण्यासाठी उबदार देशांत जात राहिले, लहानपणी जात तसेच. १२ फेब्रुवारी १९६४ रोजी लेबनॉनहून परतताना बोटीवर नाश्त्याच्या टेबलावर हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. वय ७९. पुढचे बंदर ट्युनिस होते, तिथेच दफन झाले. हजर होता फक्त बोटीचा कप्तान. त्यांचे संग्रहालय वारसांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या रिप्लीज कंपनीला विकले.

पण तोवर विक्का अटलांटिक ओलांडून गेले होते. लिथा, ऑस्टारा, मेबन ही नावेही गार्डनर यांची नाहीत. ती १९७० च्या दशकात एका अमेरिकन विक्का लेखकाने सुचवली. मेबन हे तर वेल्समधल्या दंतकथेतल्या एका पात्राचे नाव, सप्टेंबरच्या समान दिवस-रात्रीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन आणि १३ हजारांनी विक्का असा लिहिला.

ऑस्ट्रेलियात मात्र हे चाक अडते. तिथे डिसेंबर म्हणजे कडक उन्हाळा. त्यामुळे तिथले बरेच विक्का यूल जूनमध्ये आणि साविन एप्रिलअखेरीस साजरे करतात. काही मंडळे इंग्लंडच्याच तारखा पाळतात, आणि कुणाचे बरोबर यावर त्यांच्यात दरवर्षी चर्चा होते.