उशिरा मिळालेली भाकरी : पंडिता रमाबाई

संकट आले की पाहणारे पुष्कळ असतात, धावून जाणारे थोडे. आग विझविणारा जवान, रुग्णवाहिकेचा चालक, साथीच्या दिवसांत घरोघर फिरणारी आशाताई ही अशी थोडी माणसे. यंदाच्या अंकासाठी त्यांच्याविषयी काही लिहावे असे मनात होते. परंतु लिहावयास बसले तेव्हा डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या पंडिता रमाबाई. संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या कैवारी म्हणून आपण त्यांना पाठ्यपुस्तकातून ओळखतो. मला मात्र त्यांच्या चरित्रातील बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा काही केल्या विसरता येत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे रानातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. ज्या काळी स्त्रीने अक्षर ओळखणे हेही पाप मानले जाई, त्या काळी त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते आपल्या मुलीला दिले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचा पैसा, भांडीकुंडी सारे संपले. पाने खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली वडील गेले आणि पाठोपाठ आईने अंथरूण धरले.

आई तापात अन्न मागू लागली, तेव्हा सोळा वर्षांची रमा शेजारच्या घरी भाकरी मागण्यासाठी गेली. ज्ञान देणाऱ्या घरातील मुलगी ती, मागण्याची सवय नव्हती. शरमेने तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. त्या घरच्या बाईने आपुलकीने विचारपूस केली आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. परंतु तो खाण्याचे त्राण आईत उरले नव्हते. भाकरी मिळाली, पण उशिरा मिळाली.

आई गेल्यावर प्रेत उचलावयास माणसे मिळेनात. मसणवटा तीन मैल दूर. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, भाऊ श्रीनिवास आणि रमा अशा चौघांनी तिरडी उचलली. रमा ठेंगणी असल्यामुळे तिने आपल्या बाजूचे ओझे डोक्यावर घेतले. त्या दोघांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, पण वेळेला ते आले. पुढे थोरली बहीणही गेली. ही दोन भावंडे हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर होती. सुकडीचे आणि मिलो ज्वारीचे नाव काढले की ती आजही गप्प होते. रमाबाईंची ही हकिकत मी तिला सांगितली, तेव्हा तिने एवढेच विचारले की त्या पोरीचे पुढे काय झाले. तेच आता सांगते.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला. दोन वर्षांच्या आतच पटकीने पती गेले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला व पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती जोगिणींचे एक सेवागृह पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा त्या जोगिणी प्रेमाने करीत होत्या. हे का करता असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा ऐकावयास मिळाली. ज्यांच्याशी यहुदी लोक व्यवहारही ठेवीत नसत त्या समाजातील, तीही बदनाम झालेली स्त्री. परंतु येशू विहिरीवर तिच्याशी बोलला, तिला त्याने दूर लोटले नाही. ही गोष्ट रमाबाईंच्या अंतःकरणाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यावरून पुष्कळ वादळ झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले व पुढे पुण्यास आलेले त्यांचे शारदा सदन १८९३ साली याच वादात सापडले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सहायकही दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराविषयीचे आक्षेप आजही घेतले जातात आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु पुढची हकिकत वाचताना माणसाला धर्माआधी भूक दिसते.

१८९६ च्या सुमारास मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाई स्वतः तेथे गेल्या. दुष्काळी छावण्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या आणि त्यांना फसवून नेणारी माणसेही पाहिली. शारदा सदनाला अमेरिकेतून मदत येत असे, ती उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी. या मुलींसाठी कोणी पैसा कबूल केला नव्हता. तरी देवावर हवाला ठेवून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोडवून आणल्या. तोच पुण्यात प्लेग पसरला आणि या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाली. मग दौंडजवळच्या केडगाव येथील शेतावर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून 'मुक्ती' ही संस्था वाढली. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची कशी आबाळ होते, हे वर्तमानपत्रात उघड लिहिण्याचे धैर्यही त्यांनी १८९७ साली दाखविले.

पुढे १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा केडगावहून मदतीसाठी स्त्रियांच्या तुकड्या गेल्या. मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. नव्या आलेल्या मुलींच्या जखमा धुण्यास, त्यांना न्हाऊ घालण्यास, अक्षरे शिकविण्यास आधी वाचलेल्या मुली पुढे झाल्या. काल जिला उचलून आणले तीच आज दुसरीला उचलू लागली. विणकाम, छपाई, शेती शिकून त्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. माझ्या मते हेच रमाबाईंचे सर्वांत मोठे कार्य होय.

बायबलात चांगल्या शोमरोन्याचा एक दाखला आहे. लुटारूंनी झोडपून टाकलेल्या वाटसरूजवळून दोघे धार्मिक गृहस्थ निघून गेले. तिसरा परका, तो थांबला. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उताराशाळेत नेले. आपण येथेच थांबतो. परंतु कथा पुढे आहे. तेथील रखवालदाराला त्याने पैसे दिले आणि आणखी खर्च झाला तर परतताना तोही देण्याचे कबूल केले. म्हणजे धावून जाणारा एकटा पुरत नाही. त्याच्यामागे सांभाळणारा आणि खर्च सोसणाराही लागतो. रमाबाईंनी ही तिन्ही कामे केली आणि त्यांच्यामागे मनोरमाबाईंसारख्या कितीतरी स्त्रिया उभ्या राहिल्या.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २०२० साली करोनाच्या दिवसांत आमच्या गावची आशाताई घरोघर चौकशी करीत फिरे. टाळ्या आणि थाळ्या आम्हीही वाजविल्या होत्या. पण ती दारात आली की आम्ही दार लोटून आतूनच उत्तर देत होतो. भर उन्हात तिला तांब्याभर पाणी विचारावे हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. मी तेव्हा शाळेत होते, पण एवढे कळण्याइतकी नक्कीच मोठी होते. रमाबाईंना भाकरी देणाऱ्या त्या अनोळखी बाईविषयी वाचले, तेव्हा आमचे ते लोटलेले दार आठवून मान खाली गेली. धावणाऱ्याचा सत्कार करणे सोपे आहे. त्याला पाणी देणे, त्याच्या घरच्यांची चौकशी करणे, त्याचा पगार वेळेवर व्हावा म्हणून दोन शब्द बोलणे हे खरे पाठबळ होय.

१९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत चालविले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. मुक्तीचे काम तेथे आजही सुरू आहे.

आजीला हे सारे वाचून दाखविले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की ती आशाताई अजून आपल्याच गावात असते का. असते. या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले की आजीला घेऊन मी तिच्या घरी जाणार आहे. उशीर झाला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी जाणार आहे.