बाबासाहेब, सरकारी बांधकामे आणि उमेदवारी

१९०१ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकार तलाव बांधीत होते. त्या कामावर सुभेदार रामजी सकपाळ रोखपाल होते. त्यांच्याकडे निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एकाने गाडी दिली. परंतु बैल मुलांनीच हाकावयाचे, तो पायी चालणार. रात्रभर त्यांना कोणी पाणी दिले नाही. त्या मुलांत भीमराव होते. सरकारी खर्चाच्या बांधकामाशी बाबासाहेबांचा पहिला संबंध आला तो असा.

कोलंबिया, लंडन, महाड हे सारे वाचकांस ठाऊक आहे. १९३६ च्या मे महिन्यात गांधीजींच्या भेटीसाठी ते आपल्या वर्ध्यास आले होते, हेही येथील वडीलधारी सांगत आली. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या मजूरमंत्रिपदाविषयी, ज्याची चर्चा जयंतीच्या व्यासपीठावरून क्वचितच होते.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवरील परिषदेनंतर ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात रुजू झाले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्यांच्याच मजूर खात्याकडे होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला सविस्तर निवेदन सादर केले. सरकारी नोकऱ्यांत वाटा ही मागणी त्यात होतीच. शिवाय बांधकाम खात्याच्या ठेक्यांत अस्पृश्यांना स्थान नाही, ही तक्रार होती. विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे अस्पृश्य मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, असेही सुचविले होते.

ही शेवटची सूचना आम्हांस सर्वांत दूरदर्शी वाटते. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची भीती आड येई. अधिक पगार मात्र त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. हुन्नर बापाकडून मुलाकडे जाई, जातीबाहेर जात नसे. ज्याला कोणी हाताशी धरून शिकविले नाही, त्याने जन्मभर घमेलेच वाहावे, अशी ती व्यवस्था होती. सरकारी कारखाना जनतेच्या पैशावर चालतो. निदान तेथे तरी शिकण्याची जागा सर्वांस मोकळी असावी, हे त्या मागणीचे मर्म होते.

नोकऱ्यांची मागणी लवकर फळली. ऑगस्ट १९४३ मध्ये सव्वाआठ टक्क्यांहून किंचित अधिक, म्हणजे एक-द्वादशांश जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. उमेदवारीची गोष्ट मात्र रेंगाळली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. शिकाऊ उमेदवारी अधिनियम आला १९६१ साली. अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याचे कलम त्यात १९७३ साली घातले गेले. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचे काम निघाले. अशा कामांभोवती आयटीआयची आपली मुले-मुली उमेदवारी शोधतात, तेव्हा त्यांच्या हाती हेच कलम असते. ते कायद्यात आले त्या वर्षी बाबासाहेबांच्या निवेदनास एकतीस वर्षे होत होती.