थोर शिक्षक कुर्ट हान

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे केज येथील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : गुण किती मिळणार? गुणांचे महत्त्व आम्हीही मानतो. परंतु लेखी उत्तरे कितीही उत्तम असली, तरी जो विद्यार्थी कोणाच्या उपयोगी पडला नाही त्यास पदविका द्यावयाची नाही, असा नियम असलेली एक परीक्षा जगात आहे. तिचे नाव इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. या नियमामागे ज्यांच्या आयुष्याचे तप आहे, त्या कुर्ट हान यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिन येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. अठराव्या वर्षी त्यांना उन्हाचा जबर तडाखा बसला व प्रखर उजेड त्यांना जन्मभर सोसेनासा झाला. त्या दुखण्यात पडल्या पडल्याच आदर्श शाळेची कल्पना त्यांच्या मनात घोळू लागली. पुढे पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, बाडेनचे राजपुत्र माक्स यांच्या आश्रयाने त्यांनी दक्षिण जर्मनीत सालेम येथे ती शाळा काढली. अभ्यासाबरोबर शरीरश्रम, सत्यनिष्ठा व परोपकार यांचे वळण मुलांस लागावे, हा तिचा हेतू होता.

लवकरच गुरूंचीच परीक्षा घेणारा प्रसंग आला. ऑगस्ट १९३२ मध्ये पोटेम्पा या खेड्यात हिटलरच्या अनुयायांनी एका मजुरास त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत ठार मारले. न्यायालयाने मारेकऱ्यांस देहदंड फर्माविला. हिटलरने मात्र त्यांची उघड पाठराखण केली. तेव्हा हान यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांस पत्र धाडून कळविले की, हिटलर आणि सालेम यांपैकी एकाशी संबंध तोडणे प्रत्येकास प्राप्त आहे. मौन पाळले असते तर कदाचित शाळा हातची गेली नसती; पण त्या शाळेत शिकविलेल्या सत्यास काय किंमत उरली असती? मार्च १९३३ मध्ये त्यांस अटक झाली. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड आदींनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली व त्याच वर्षी मायदेश सोडून ते ब्रिटनमध्ये आले.

परक्या देशात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. १९३४ साली स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा निघाली. राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप हे तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होत. तेथील मुले समुद्रकिनाऱ्यावर पहारा देत आणि संकटात सापडलेल्या नाविकांच्या मदतीस धावत. १९४५ साली हान यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. वाटेवर घायाळ पडलेल्या परक्याची शुश्रूषा करणाऱ्या चांगल्या शोमरोनी मनुष्याचा दृष्टांत त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभाच होता.

दुसऱ्या महायुद्धाने राष्ट्राराष्ट्रांत वैर माजविले होते. निरनिराळ्या देशांची मुले एकत्र राहतील व शिकतील तर हे वैर ओसरेल, या विश्वासाने १९६२ साली वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उघडले. पण तेथे एक अडचण होती. मुले अनेक देशांची. प्रत्येक देशाचे विद्यापीठ मान्य करील अशी परीक्षा कोणती? जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय शाळेतील शिक्षक याच प्रश्नावर झटत होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची संस्था स्थापन झाली. तिचे पहिले महासंचालक ॲलेक पीटरसन हे अटलांटिक कॉलेजच्या कार्याशी निगडित होते. अशा रीतीने, ही परीक्षा जरी एकट्या हान यांची निर्मिती नव्हे, तरी त्यांचा विचार तीत उतरला.

सोळा ते एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. सहा विषय, एक दीर्घ निबंध व ज्ञानाच्या स्वरूपाचा विचार हे तर आहेच. शिवाय कला, शारीरिक उद्योग व सेवा ही अंगेही पुरी करावी लागतात. त्यांस गुण नाहीत, पण त्यांवाचून पदविकाही नाही.

डिसेंबर १९७४ मध्ये हान निवर्तले. त्यांच्या परंपरेतील एक विद्यालय १९९७ साली आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज या नावाने सुरू झाले. अनेक देशांची मुले तेथे हीच परीक्षा देतात.

या परीक्षेचा खर्च सामान्य कुटुंबास झेपणारा नाही, हे पालकांप्रमाणे आम्हीही जाणतो. परंतु तिचा जो सर्वांत मोलाचा भाग, त्यास शुल्क पडत नाही. ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांमागे गावी राहिलेल्या मुलास अक्षर ओळखविणे, टंचाईच्या दिवसांत एखाद्या वृद्धेच्या दारी पाण्याची घागर पोहोचविणे, हे केज तालुक्यातील कोणत्याही मुलास व मुलीस साधण्यासारखे आहे. आमच्या शाळेच्या गुणपत्रिकेत त्याचा रकाना नाही. परंतु तो रकाना आपल्या मनाशी आखून घेण्यास, विद्यार्थीमित्रहो, कोणाची परवानगी लागत नाही.