राजव्यवहारकोशाचे कर्ते रघुनाथपंत हणमंते

नारो त्रिमल हणमंते शहाजीराजांच्या पदरी कारभारी होते. त्यांचे पुत्र रघुनाथपंत तंजावरास व्यंकोजीराजांचा कारभार पाहत. तेथे बेबनाव झाल्यावर ते शिवाजी महाराजांस येऊन मिळाले. १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत त्यांचा मोठा वाटा होता. जिंकलेल्या मुलखाची व्यवस्थाही महाराजांनी त्यांच्याकडे सोपविली.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा प्रदेश स्वराज्यात आला, तरी दप्तराची परिभाषा फारसीमिश्रितच राहिली. १६७४ च्या राज्याभिषेकाने मात्र नव्या राज्यास प्राचीन राजपरंपरेचा वारस ठरविले. त्या भूमिकेस साजेशी भाषा घडविण्याचे काम महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांकडे आले. श्लोकरचनेचे श्रेय धुंडिराज व्यास यांसही दिले जाते. दहा वर्गांच्या या कोशात सुमारे १३८० रूढ यावनी व देशी शब्दांस संस्कृत पर्याय आहेत. त्यात मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव, डबीर सुमंत आणि सरनोबत सेनापती.

विसाव्या शतकात टोल्कीनने आधी भाषा रचली आणि मग तिच्यासाठी जग व त्याचा इतिहास कल्पिला. रघुनाथपंतांपुढे राज्य उभे होते. उणीव होती ती भूतकाळाशी नाते सांगणाऱ्या शब्दांची. तथापि शब्द घडविता आले तरी त्यांची रूढी आज्ञेने घडत नाही. अठराव्या शतकात 'पेशवा' हीच संज्ञा बलवत्तर ठरली. उलट बावड्याचे पंत अमात्य आणि भोरचे पंत सचिव या घराण्यांच्या बिरुदांत कोशातील शब्द टिकले, आणि 'सचिव' तर आजच्या शासनव्यवहारातही नांदतो. या अंशतः यशातच रघुनाथपंतांच्या कार्याचे भाषिक महत्त्व आहे.